नोंद, साक्ष आणि न्याय : संघर्षोत्तर विदेचे संहिता म्हणून वाचन

१

संघर्ष घडत असतो तेव्हा तो आवाजाचा असतो. तो ओसरला की त्याचा ताबा कागदाकडे जातो. पंचनामा, जबाब, फेरफार, नुकसानभरपाईचा तक्ता, आयोगाचा अहवाल या कागदांवर पुढच्या न्यायाची भिस्त असते. गेल्या दोन-तीन दशकांत हा कागद संगणकात गेला. जमिनीचे अधिकार-अभिलेख, न्यायालयांचे निकाल, आयोगांचे अहवाल, मृतांच्या व बेपत्ता व्यक्तींच्या याद्या आता शोधता, मोजता, जुळवता येतात. संघर्षानंतरच्या न्यायाचा अभ्यास करणारा संशोधक त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक समर्थ झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते खोटे नाही. परंतु या सामर्थ्यामागे एक गृहीतक असते : विदा म्हणजे घडलेल्याचे निखळ प्रतिबिंब, आणि तिच्यात काही कमी असेल तर ते केवळ प्रमाणाचे, आणखी नोंदी मिळाल्या की सत्य पुरे होईल.

साहित्यसमीक्षेला हे गृहीतक परके वाटायला हवे. कोणतीही संहिता निवेदकावाचून नसते, आणि निवेदक लपलेला असला की तो अधिक प्रभावी ठरतो, हे कथनमीमांसेने शिकवलेले आहे. विदासंच ही निवेदक लपवणारी सर्वांत यशस्वी संहिता होय. तिला रकाने असतात, क्रम असतो, अपेक्षित वाचक असतो; कोणाविषयी बोलायचे आणि कोणाविषयी मौन पाळायचे याचे नियमही असतात. तिचे वाचन करण्याची साधने संख्याशास्त्राइतकीच समीक्षेजवळही आहेत. या साधनांची कसोटी पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पेण तालुक्यातील गडब आणि त्याभोवतीचा धरमतर खाडीचा खारपट्टा, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्याचा हा भाग, त्यासाठी पुरेसा आहे.

२

या परिसराच्या नव्वद वर्षांच्या इतिहासात संघर्षाची चार ठळक स्थळे दिसतात. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेर येथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. १९३३ ते १९३९ या काळात अलिबाग तालुक्यात चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. सहा वर्षे चाललेला हा शेतकऱ्यांचा संप मराठी वाचकाला परिचित आहे. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई व दास्तान फाटा येथे पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत, महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यायची की नाही, यावर शासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले.

या प्रत्येक संघर्षाने आपापला दस्तऐवजी रूपबंध निर्माण केला, ही बाब लक्षणीय आहे. चिरनेरने यादी दिली. स्मारकावर हुतात्म्यांची एक यादी आणि न्यायालयात आरोपींची दुसरी. एकाच दिवसाच्या या दोन यादींमध्ये माणसे शेजारी असूनही एकाच वाक्यात येत नाहीत. चरीच्या संपाने कुळाची नोंद हा प्रश्न पुढे आणला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेले खोतीविरोधी विधेयक, १९४८चा कुळकायदा, १९४९चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषकदिन या सगळ्यांचा मथितार्थ एकच होता : कसणाऱ्याचे नाव कागदावर आले पाहिजे. १९८४च्या संघर्षाने टक्केवारी दिली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण या रक्तामागून आले. उरण-पनवेलच्या बोलीत ‘साडेबारा टक्के’ हे आता संख्यावाचक राहिलेले नाही, ते नाम झाले आहे. माणसे साडेबारा टक्के मिळण्याची वाट पाहतात, साडेबारा टक्के विकतात, साडेबारा टक्क्यांवरून भाऊ भावाशी भांडतो. २००८ने मतपत्रिका दिली.

यादी, नोंद, टक्केवारी आणि मतपत्रिका हे चार साहित्यप्रकारच आहेत. प्रत्येकाला स्वतःचे व्याकरण आहे. यादीत क्रियापद नसते. नोंदीत कर्ता नसतो. टक्केवारीला भूतकाळ नसतो. मतपत्रिकेला ‘होय’ आणि ‘नाही’ यांपलीकडे शब्दसंग्रह नसतो. डिजिटल रूपांतर होते तेव्हा हे सारे व्याकरण पुसले जात नाही; उलट रकान्याच्या चौकटीत ते कायमचे गोठते.

३

सातबाऱ्याचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. गाव नमुना सात हा अधिकार-अभिलेख व गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही मिळून सातबारा. महाराष्ट्रात हा उतारा संगणकीकृत झाला असून २०१८ सालापासून तो डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो. तलाठ्याच्या दारात खेपा घालणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय होय, आणि तिचे मोल समीक्षकाने कमी लेखू नये. तथापि, संशोधक जेव्हा गावोगावचे असे हजारो उतारे एकत्र करून ‘संघर्षानंतर जमीन कोणाकडे गेली’ हे मोजू लागतो, तेव्हा त्या उताऱ्याची वाक्यरचना आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

भोगवटादाराचा रकाना हा या संहितेचा कर्ता होय. ‘इतर हक्क’ हा रकाना म्हणजे तिचा गौण उपवाक्यांचा प्रदेश. कुळ, बोजा, वहिवाट, वाट, विहिरीतील हिस्सा हे सारे तेथे दाटीवाटीने राहते. फेरफाराचा क्रमांक हे क्रियापद; पण ते कर्मणी प्रयोगातले. नाव ‘दाखल झाले’, नाव ‘कमी केले’. कोणी, कोणत्या दबावाखाली, कोणत्या रात्रीच्या बैठकीनंतर, हे वाक्य सांगत नाही. नमुना सहामधील फेरफाराची मूळ नोंद वाचल्यास थोडे अधिक कळते; परंतु सातबाऱ्याच्या तक्त्यावर भागवणारा संशोधक तेथवर क्वचितच पोहोचतो.

या दृष्टीने हक्कसोडपत्राचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क दिला. जमिनीचे भाव वाढलेल्या पट्ट्यात वारसनोंद झाली की बहिणींची नावे चढतात आणि पुढच्या एखाद्या फेरफाराने ती उतरतात. विदेच्या भाषेत ही दोन समान वजनाची नोंद आहे : नाव चढले, नाव उतरले. ‘सोडणे’ या क्रियेत स्वेच्छा गृहीत आहे, आणि संगणक ते गृहीतक जसेच्या तसे मोजतो. माहेर तुटू नये म्हणून केलेली सही आणि खरोखर राजीखुशीने केलेली सही यांत भेद करणारा रकाना अस्तित्वात नाही. भेद करणारी गोष्ट आहे ती साक्ष. आणि साक्ष मिळवायची तर माणसासमोर बसावे लागते.

खारपट्ट्यातील शेती ही तर मुळातच सामूहिक कृती. समुद्राचे पाणी अडवणारा बांध हा एकट्याचा नसतो. भरतीच्या जोराने बांधाला खांड पडली की गावच्या माणसांनी चिखलात उतरून ती बुजवायची, अन्यथा सगळ्यांचेच भात खारे पाण्याखाली जायचे. या श्रमातून निर्माण झालेली जमीन पुढे खातेदारांच्या नावे वाटून नोंदली गेली. बांध ज्यांनी राखला त्यांत कुळे होती, मजूर होते, ज्यांचे स्वतःचे खाते नाही अशी आदिवासी कुटुंबे होती. सातबाऱ्यात जमिनीचा आकार आहे, तिच्यावरचा आकारही आहे; तिला जमीन करणाऱ्या श्रमाला जागा नाही. भूसंपादनाचा संघर्ष होतो आणि न्यायाचे मोजमाप सुरू होते, तेव्हा हे मौन भरपाईच्या तक्त्यात जसेच्या तसे उतरते.

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) शेतकऱ्याच्या दैन्याची मीमांसा करताना लेखणी हाती असलेल्या कामगारवर्गाकडे बोट दाखवले होते. नोंद ही निरागस नसते आणि निरक्षराला तिच्याविरुद्ध दाद मागणे अशक्य होते, हा त्यांचा मुद्दा आजही शिळा झालेला नाही. लेखणीच्या जागी कळफलक आला, इतकेच. मराठीत नोंदीची समीक्षा फुल्यांपासून सुरू होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

४

रणजित गुहा यांनी ‘द प्रोज ऑफ काउंटर-इन्सर्जन्सी’ या १९८३ सालच्या निबंधात शेतकरी बंडांविषयीच्या लेखनाचे तीन स्तर कल्पिले : घटनेच्या वेळचा अधिकाऱ्याचा तातडीचा अहवाल, नंतरचे प्रशासकीय कथन व स्मृतिलेखन, आणि त्यानंतरची इतिहासकाराची मांडणी. तिसऱ्या स्तरावरचा सहानुभूतिशील इतिहासकारसुद्धा नकळत पहिल्या स्तराच्या भाषेत बोलतो, हे त्यांनी दाखवून दिले. डिजिटल विदा हा या मांडणीला जोडला जाणारा चौथा स्तर मानता येईल. त्याचे वैशिष्ट्य असे की तो आधीचे तीनही स्तर एका पातळीवर आणून ठेवतो. पोलिसी अहवालातील ‘जमाव’, वृत्तपत्रातील ‘आंदोलक’ आणि स्मारकावरील ‘हुतात्मा’ हे शब्द शोधपेटीला सारखेच. कोणता शब्द कोणाच्या तोंडचा, हे संदर्भचिन्ह गळून पडते.

शोधशब्दाची अडचण केवळ तात्त्विक नाही. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. ‘रायगड’ असा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला चिरनेर आणि चरी या जिल्ह्याच्या इतिहासात भेटणारच नाहीत. भेटेल तो शिवकालीन किल्ला. गावांची नावे इंग्रजी अभिलेखांत वेगवेगळ्या वर्णांनी लिहिलेली; एकाच गडबचे रोमन लिपीत कितीतरी अवतार संभवतात. जुने दस्त मोडी लिपीत आहेत, आणि चित्ररूपाने संगणकात आलेला मोडी कागद जोवर लिप्यंतरित होत नाही तोवर तो शोधाच्या दृष्टीने कोराच असतो. म्हणजे खोताच्या वहीतील कुळाचे नाव प्रथम मोडीत अडकते, मग देवनागरीत बदलते, मग रोमन वर्णांत हरवते. प्रत्येक टप्प्यावर संहिता नवी होते. आणि प्रत्येक टप्प्यावर ती ‘तीच’ असल्याचा दावा केला जातो.

शाहिद अमीन यांनी चौरीचौरावरील आपल्या ग्रंथात (१९९५) माफीच्या साक्षीदाराच्या जबानीचे जे वाचन केले, ते येथे मार्गदर्शक ठरावे. जबानी ही फिर्यादी पक्षाने घडवलेली संहिता आहे, हे पूर्णपणे मान्य करून त्यांनी ती वाचली, आणि त्याच वेळी गावात जाऊन पुढच्या पिढ्यांच्या आठवणीही ऐकल्या. दोहोंपैकी एकीला खरे व दुसरीला खोटे न ठरवता, दोहोंमधील अंतर हाच अभ्यासविषय केला. विदेच्या अभ्यासकाला नेमके हे अंतर राखता येणे हीच कसोटी आहे.

५

रकान्याचे मौन किती महाग पडते याचा महाराष्ट्रातील सर्वांत गंभीर दाखला मुंबईचा आहे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर केला. त्यात मृतांची संख्या ९०० : मुसलमान ५७५, हिंदू २७५, अज्ञात ४५ आणि इतर ५. या तक्त्यातील ‘अज्ञात ४५’ ही ओळ वाचताना थांबावे लागते. बाकीच्या तीन ओळी धर्माने वर्गीकृत आहेत, कारण दंगलीचे आकलनच तसे आहे. चौथी ओळ त्या वर्गीकरणात न मावणाऱ्या मृतदेहांची. या माणसांना मृत्यूने धर्मातूनही मुक्त केले, असे काव्यात्म वाक्य लिहिण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या घरी कोणीतरी वाट पाहत राहिले, इतकाच त्या ओळीचा अर्थ.

त्या वाट पाहण्याची दुसरी नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२च्या निकालात आहे. दंगलीत बेपत्ता झालेल्यांची संख्या १६८; त्यांपैकी ६० जणांच्या वारसांना भरपाई मिळाली होती, १०८ जणांच्या वारसांना मिळाली नव्हती. वारसांचा वा त्यांच्या पत्त्याचा ठाव लागला नाही, कागदपत्रांची पूर्तता झाली नाही, अशी कारणे त्यामागे होती. न्यायालयाने या कुटुंबांचा शोध घेऊन दोन लाख रुपये नऊ टक्के व्याजासह देण्याचे व त्यावर समितीने देखरेख ठेवण्याचे निर्देश दिले. घटनेला तोवर जवळजवळ तीस वर्षे झाली होती.

‘सापडले नाहीत’ या क्रियापदाची फोड केली तर काय दिसते? दंगलीने ज्यांना घर सोडायला लावले त्यांचा पत्ता बदलला. पत्ता बदलणे हाच अन्यायाचा परिणाम होता. आणि पत्ता बदलल्यामुळेच न्याय पोहोचला नाही. विदासंचात हे कुटुंब ‘संपर्क नाही’ या सदराखाली जाते. म्हणजे अन्यायाचा पुरावा तेथे लाभार्थ्याच्या दोषासारखा नोंदला जातो. संख्याशास्त्रज्ञ यास माहितीची उणीव म्हणेल. समीक्षकाने त्यास संहितेचा अर्थ म्हटले पाहिजे. रिकामा चौकोन हा येथे उणीव नसून विधान आहे.

६

एवढ्यावरून विदेविषयी सरसकट अविश्वास बाळगणे मात्र अन्यायाचे होईल. साक्षीचा गौरव करणाऱ्या समीक्षेने एक गोष्ट विसरू नये : सगळेच साक्ष द्यायला उरत नाहीत, आणि उरतात त्यांपैकी सगळ्यांना बोलवले जात नाही. पेरू देशाच्या सत्य व समेट आयोगाने २००३ साली आपल्या अहवालात अंतर्गत संघर्षातील मृत व बेपत्ता व्यक्तींची संख्या ६९,२८० असावी, असा अंदाज दिला. स्वतंत्रपणे तयार झालेल्या याद्यांमध्ये किती नावे परस्परांशी जुळतात यावरून कोणत्याही यादीत न आलेल्यांचा अंदाज बांधण्याची ती पद्धत. तोवर प्रचलित असलेले आकडे याच्या निम्म्याच्या आसपास होते. बळींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक क्वेचुआ वा अन्य देशी भाषा बोलणारे होते. स्पॅनिश बोलणाऱ्या राजधानीला त्यांचे मरण ऐकूच आले नव्हते. २०१९ साली या अंदाजाच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेण्यात आले व तो वाद जाहीरपणे झडला, हेही नोंदवले पाहिजे. तरीही यादीबाहेरच्यांची गणना करण्याचा हा प्रयत्न एका अर्थी मौनाचेच वाचन होता.

ग्वातेमालाचे उदाहरण अधिक सूचक आहे. २००५ साली तेथे राष्ट्रीय पोलिसांचा सुमारे आठ कोटी पृष्ठांचा अभिलेखसंग्रह दुर्लक्षित अवस्थेत सापडला. पुढे त्याचे मोठ्या प्रमाणावर डिजिटल रूपांतर झाले. चिरनेर-जासईच्या वाचकाला परिचित वाटावे अशा १९८४ सालीच, फेब्रुवारीत, एदगार फेर्नान्दो गार्सिया हा कामगार व विद्यार्थी चळवळीतील तरुण तेथे बेपत्ता झाला होता. २०१० साली दोन पोलिसांना त्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली. पुराव्यांत एक कागद असा होता की ज्यात त्या कारवाईबद्दल पोलिसांना पदक द्यावे अशी शिफारस होती. प्रशस्तीसाठी लिहिलेले वाक्य गुन्ह्याची कबुली म्हणून वाचले गेले. संहिता लेखकाच्या हेतूला बांधलेली नसते, हे समीक्षेतील सूत्र एखाद्या न्यायालयात एवढ्या ठामपणे सिद्ध झाल्याचे उदाहरण विरळा. त्याच खटल्यात संख्याशास्त्रज्ञाचीही साक्ष झाली : अशी कागदपत्रे कोणत्या अधिकारपातळीपर्यंत जात, हे नमुनापद्धतीने दाखवण्यात आले. एका कागदाचे सूक्ष्म वाचन आणि कोट्यवधी कागदांची गणना तेथे परस्परांच्या विरोधात उभी नव्हती. एकीवाचून दुसरी लुळी पडली असती.

७

यातून संशोधनपद्धतीविषयी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, विदासंच मोजण्यापूर्वी त्याचे रकाने वाचले पाहिजेत; रकान्याचे शीर्षक कोणत्या काळात, कोणत्या कायद्याने, कोणाच्या सोयीसाठी ठरले, हे कळल्यावाचून त्याखालील आकड्याला अर्थ येत नाही. दुसरा, रिकाम्या चौकोनांची स्वतंत्र गणना केली पाहिजे, आणि ते का रिकामे राहिले याचा शोध प्रत्यक्ष गावात घेतला पाहिजे. तिसरा, नोंदीची भाषांतरे व लिप्यंतरे हा अभ्यासाचा भाग मानला पाहिजे, केवळ तांत्रिक पूर्वतयारी नव्हे. चौथा आणि सर्वांत अवघड निष्कर्ष असा की, ज्यांच्याविषयी विदा आहे त्यांना ती वाचता आली पाहिजे व तिच्यावर आक्षेप घेता आला पाहिजे. अन्यथा संशोधक हा तलाठ्याचा अधिक सुशिक्षित वारस ठरेल.

या चौथ्या निष्कर्षापाशी पुन्हा पेण तालुक्यात यावे लागते. २००८चे जनमत हा भारतातील भूसंपादनाच्या इतिहासातील असामान्य प्रसंग होता. ज्यांची जमीन जायची त्यांना शासनाने विचारले. विचारताना ‘ज्यांची’ या सर्वनामाचा अर्थ जमीनधारक असा केला गेला. म्हणजे सातबाऱ्याचे मौन मतदारयादीतही उतरले, आणि बांध राखणारे बिनखात्याचे हात त्या दिवशीही मोजले गेले नाहीत. तरीही जे मोजले गेले त्यांचे उत्तर पुरेसे स्पष्ट होते. वृत्तपत्रांतून ते प्रचंड बहुमताने ‘नाही’ असल्याचे कळले; अधिकृत निकालाची घोषणा मात्र त्यावेळी झाली नाही. पुढे भूसंपादनाची मुदत उलटून गेली आणि प्रकल्प बारगळला. इतिहासात आता त्याची नोंद मुदत संपल्याची आहे.

येथे दोन संहिता एकमेकींसमोर उभ्या राहतात. एक म्हणते, मुदत संपली. दुसरी म्हणते, आम्ही नाही म्हटले. पहिलीत काळ हा कर्ता आहे, दुसरीत माणसे. परिणाम दोहोंचा एकच, जमीन राहिली. न्याय मात्र एकच नाही. मुदत पुन्हा सुरू करता येते, नवी अधिसूचना निघू शकते, प्रकल्पाचे नाव बदलून तो परत येऊ शकतो. लोकांनी दिलेले उत्तर मान्य केलेले असेल, तरच पुढच्या वेळी त्याचा आधार घेता येतो. उद्याचा अभ्यासक या पट्ट्यातील न्यायाची विदा गोळा करील तेव्हा ‘मुदत संपली’ हा शेरा त्याला सहज मिळेल. त्या शेऱ्याखालचे ‘नाही’ ऐकण्यासाठी त्याला गडबच्या आसपास, अजून ज्यांना तो रविवार आठवतो अशा माणसांच्या ओटीवर जाऊन बसावे लागेल. आणि ती माणसे फार काळ राहणार नाहीत.